शब्बाथशाळेतील प्रश्न आणि गटचर्चा

मुलांनी प्रश्न विचारावेत अशी अपेक्षा बायबलमध्येच गृहीत धरलेली आहे. निर्गमाच्या पुस्तकात वल्हांडण सणाची आज्ञा येते, त्या आज्ञेतच मुले या विधीचा अर्थ विचारतील तेव्हा वडीलधाऱ्यांनी काय सांगावे तेही दिले आहे. यहोशवाच्या काळात यार्देन नदीच्या पात्रातून बारा दगड उचलून गिलगाल येथे रचले गेले, ते पुढच्या पिढीतील मुलांनी 'हे दगड कशाचे' म्हणून विचारावे एवढ्यासाठी. यहुदी घरांत वल्हांडणाच्या रात्री घरातल्या धाकट्या मुलाने ठरलेले चार प्रश्न विचारण्याची रीत आजही पाळली जाते. लूककृत शुभवर्तमानात बारा वर्षांचा येशू यरुशलेमच्या मंदिरात गुरुजनांमध्ये बसलेला आढळतो, तेव्हा तो त्यांचे ऐकत होता आणि त्यांना प्रश्न विचारत होता. दोन्ही क्रिया एका दमात सांगितल्या आहेत. मुलांना विचारपूर्वक प्रश्न करायला आणि आदराने चर्चा करायला शिकवायचे, तर या दोन क्रिया एकमेकींपासून तोडता येत नाहीत.

प्रत्यक्षात मात्र शब्बाथशाळेत, म्हणजे रविवारच्या संडेस्कूलमध्ये, प्रश्न बहुधा शिक्षकच विचारतो. नोहाने तारवात काय भरले, दाविदाने किती गोटे घेतले, पेत्राने येशूला किती वेळा नाकारले, असे ते प्रश्न असतात. उत्तर शिक्षकाला आधीच ठाऊक असते आणि मुलालाही ते ठाऊक आहे का, एवढेच तपासायचे असते. ही परीक्षा झाली. तिचा उपयोग आहे, पण तिला चर्चा म्हणता येत नाही.

या सवयीची मुळे जुनी आहेत. धर्मशिक्षणासाठी प्रश्नोत्तरावली लिहिण्याची प्रथा युरोपात सोळाव्या शतकात जोरात होती. मार्टिन ल्यूथरची छोटी प्रश्नोत्तरावली 1529 ची. स्कॉटलंडमधील प्रेस्बिटेरियन घरांत पाठ होणाऱ्या वेस्टमिन्स्टरच्या लहान प्रश्नोत्तरावलीत 107 प्रश्न होते. ही प्रथा मराठी-कोकणी मुलुखात आली ती गोव्यातून. इंग्लंडमध्ये जन्मलेले जेझुइट पाद्री थॉमस स्टीफन्स 1579 मध्ये गोव्यात उतरले आणि पुढची चाळीस वर्षे तिथेच राहिले. त्यांचे मराठी ओवीबद्ध क्रिस्तपुराण 1616 मध्ये रायतूरला छापले गेले. त्यात श्रोत्यांच्या शंका आणि पाद्रीगुरूंची उत्तरे ठिकठिकाणी येतात. पुराणिकाला मध्येच थांबवून विचारणारा श्रोता इथल्या लोकांना परका नव्हता, हे स्टीफन्स यांनी बरोबर हेरले होते. त्यांच्या मृत्यूनंतर, 1622 मध्ये, त्यांचे कोकणी धर्मशिक्षणाचे पुस्तक निघाले. ते मुलांना शिकवण्यासाठी संवादरूपाने रचले आहे, असे त्याच्या पोर्तुगीज नावातच म्हटले होते. कोकणीतले हे पहिले छापील पुस्तक मानले जाते. म्हणजे कोकणीतील ग्रंथमुद्रण मुलांशी केलेल्या प्रश्नोत्तरांनी सुरू झाले. त्या प्रश्नोत्तरांत उत्तरे ठरलेली होती, ही गोष्ट वेगळी.

ठरलेल्या उत्तरांना सरसकट नावे ठेवण्याचे कारण नाही. पाढे पाठ असलेल्या मुलालाच हिशेबात डोके चालवायला उसंत मिळते. दहा आज्ञा, प्रभूची प्रार्थना, दाखल्यांच्या गोष्टी ज्याला माहीत आहेत त्यालाच त्यांच्याबद्दल काही विचारता येते. अडचण तेव्हा येते, जेव्हा पाठांतर संपले की तासही संपतो.

मुलाचा स्वतःचा प्रश्न कसा असतो याचा मराठीतला सर्वांत ठसठशीत पुरावा एका ख्रिस्ती नियतकालिकातच छापला गेला आहे. अमेरिकन मराठी मिशनने 1842 मध्ये अहमदनगरहून 'ज्ञानोदय' सुरू केले. त्याच्या 1855 च्या फेब्रुवारी आणि मार्चमधील अंकांत मुक्ता साळवे या सुमारे चौदा वर्षांच्या मुलीचा मांग-महारांच्या दुःखाविषयीचा निबंध दोन हप्त्यांत प्रसिद्ध झाला. ती मांग जातीची आणि जोतीराव फुल्यांच्या पुण्यातील शाळेची विद्यार्थिनी. ज्यांना वेद वाचण्याचा अधिकार नाही त्यांचा धर्म कोणता, हे तिने थेट देवालाच विचारले. तिचा युक्तिवाद पायरीपायरीने चढत जातो: आधी वस्तुस्थिती, मग तिच्यातली विसंगती, मग प्रश्न. शाळेत बसायला लागून फार वर्षे झालेली नसलेली मुलगी असे लिहू शकली, कारण तिच्या शिक्षकाने प्रश्न हा उद्धटपणा मानला नाही. स्वतः जोतीराव पुण्यात स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकले होते, आणि त्यांच्या मृत्यूनंतर 1891 मध्ये निघालेले 'सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक' प्रश्नोत्तरांच्या रूपातच आहे. 'ज्ञानोदय'च्या बाजूनेही एक गोष्ट नोंदवायला हवी. निबंध लिहिणारी मुलगी ख्रिस्ती नव्हती, तरी तिचा प्रश्न छापला गेला.

मुक्ताचा निबंध छापला गेला त्याच दशकात प्रश्नोत्तरांचे दुसरे, अधिक गाजलेले रूप मुंबईच्या समुद्रकिनारी पाहायला मिळाले. 1857 मध्ये हिंदू धर्माची बाजू मांडणारे विष्णुबुवा ब्रह्मचारी आणि मिशनरी यांच्यात तिथे जाहीर वादविवाद झाले. त्याआधी 1830 च्या सुमारास स्कॉटिश मिशनरी जॉन विल्सन आणि मोरभट दांडेकर यांच्यातही असाच सामना झाला होता. दोन्ही बाजूंचे लोक तयारीचे होते आणि या वादांनी मराठी गद्याला धार आली, हे खरे. पण त्यांचा हेतू समोरच्याला हरवणे हा होता. न्यायशास्त्राने सत्य शोधण्यासाठी केलेला वाद, जिंकण्यासाठी केलेला जल्प आणि नुसत्या खंडनासाठी केलेली वितंडा असे तीन प्रकार फार पूर्वीच वेगळे काढले आहेत. मुलांच्या वर्गात पहिलाच चालतो. शाळांतल्या वक्तृत्व आणि वादविवाद स्पर्धांमुळे दुसरा मुलांच्या अंगवळणी लवकर पडतो, आणि शब्बाथशाळेत तो मोडून काढायला बराच वेळ जातो.

मुलांच्या चर्चेचा हा विषय विदर्भातील वाशीम जिल्ह्यासारख्या ठिकाणी थोडा वेगळा दिसतो. वाशीम, म्हणजे इंग्रजी अमदानीतील बासिम, 1905 पर्यंत जिल्ह्याचे ठिकाण होते. मग ते अकोल्यात विलीन झाले आणि 1 जुलै 1998 रोजी पुन्हा स्वतंत्र जिल्हा झाला. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकन मेथडिस्ट मिशनचे काम इथे आले. 1896-97 आणि 1899-1900 च्या दुष्काळांत वऱ्हाडातील मिशनांनी अनाथ मुलांना आसरा दिला आणि धर्मशिक्षण, शाळा, दवाखाना ही कामे एकमेकांना जोडून वाढली. 2011 च्या जनगणनेत जिल्ह्याची लोकसंख्या 11,97,160 होती. तीत ख्रिस्ती कुटुंबे अगदी थोडी. कारंजा हे नृसिंह सरस्वतींचे जन्मस्थान आणि जैनांचे जुने पीठ, शिरपूरला अंतरिक्ष पार्श्वनाथ, मंगरूळपीरला दर्गा, मानोरा तालुक्यात बंजारा समाजाची पोहरादेवी, आणि गावोगावी बुद्धविहार. अशा जिल्ह्यात ख्रिस्ती मूल सोमवार ते शनिवार ज्या वर्गात बसते तिथे ते बहुधा एकटे असते. रविवारी शिकलेली चर्चेची रीत त्याला आठवडाभर वापरावी लागते. मोठ्या ख्रिस्ती वस्तीत हा प्रश्न इतका निकडीचा नसतो.

मेथडिस्ट परंपरेकडे यासाठी स्वतःची एक पद्धत आहे, फार वापरली न जाणारी. मेथडिस्ट चळवळीचे प्रवर्तक जॉन वेस्ली यांच्या अनुयायांवर ब्रिस्टलमधील प्रार्थनागृहाच्या बांधकामाचे कर्ज होते. 1742 मध्ये असे ठरले की बारा-बारा जणांचे गट करावेत आणि प्रत्येक गटाच्या प्रमुखाने दर आठवड्याला माणशी एक पेनी गोळा करावी. घरोघर फिरताना प्रमुखांना लोकांची दुखणी-खुपणी कळू लागली, आणि वसुलीच्या या व्यवस्थेतून 'क्लास मीटिंग' उभी राहिली: आठवड्यातून एकदा एकत्र बसायचे, प्रमुखाने आधी स्वतःबद्दल सांगायचे आणि मग प्रत्येकाची आळीपाळीने विचारपूस करायची. 1744 मध्ये लंडनला मेथडिस्टांची पहिली परिषद भरली. तिचे काम तीन प्रश्नांभोवती चालले: काय शिकवावे, कसे शिकवावे, काय करावे. तिचे इतिवृत्तही प्रश्नोत्तरांतच लिहिलेले आहे. कर्जवसुलीतून गटचर्चा निघाली याचे हसू येईल, पण गट लहान ठेवणे, प्रमुखाने आधी स्वतः उघड होणे आणि कोणालाही न वगळणे हे त्यातले तीन नियम आजही मुलांच्या वर्गाला जसेच्या तसे लागू पडतात.

विचारपूर्वक प्रश्न म्हणजे काय, हे व्याख्येपेक्षा दाखल्यावरून मुलांना लवकर कळते. चांगल्या शोमरोन्याची गोष्ट यासाठी उत्तम आहे, कारण ती स्वतःच प्रश्नांच्या साखळीत बसवलेली आहे. सार्वकालिक जीवन मिळण्यासाठी काय करावे, असे एक शास्त्री येशूला विचारतो. येशू उत्तर देत नाही. नियमशास्त्रात काय लिहिले आहे आणि तू ते कसे वाचतोस, असे उलट विचारतो. शास्त्री बरोबर उत्तर देतो आणि मग स्वतःची बाजू सावरण्यासाठी आणखी एक प्रश्न टाकतो: माझा शेजारी कोण? त्यावर गोष्ट येते: लुटारूंनी अर्धमेले करून टाकलेल्या माणसाला याजक आणि लेवी टाळून जातात, शोमरोनी मात्र मदत करतो. गोष्टीनंतर येशू त्याचाच प्रश्न फिरवून विचारतो: या तिघांपैकी शेजारी कोण ठरला? शास्त्र्याला शेजाऱ्यांची यादी हवी होती. त्याच्या हाती आले शेजारी होण्याचे काम.

वर्गात ही गोष्ट वाचून झाल्यावर मुलांना आधी त्यांचे प्रश्न काढू द्यावेत. वऱ्हाडातली मुले घरी वऱ्हाडी किंवा बंजारा समाजाची गोरमाटी बोलतात, बायबल मात्र पुस्तकी मराठीत असते. प्रश्न पुस्तकी मराठीतच हवा अशी अट घातली की निम्मा वर्ग गप्प होतो. 'मंग त्या याजकानं त्याले उचललं कायले नाही?' हा प्रश्न जसा आला तसाच फळ्यावर लिहावा. तो फार चांगला प्रश्न आहे. त्याचे उत्तर गोष्टीत नाही. ते शोधावे लागते. यरुशलेमहून यरीहोला उतरणारा रस्ता लुटारूंचा होता, म्हणून भीती असेल. लेवीय पुस्तकात याजकांना मृतदेहाच्या विटाळाबद्दल कडक नियम आहेत, म्हणून तो माणूस मेला असेल या शंकेने याजक बाजूने गेला असेल. की नुसती घाई होती? मुले तर्क करतात, एकमेकांचे तर्क तपासतात आणि वाईट वाटणाऱ्या माणसाकडेही कारणे असू शकतात हे त्यांच्या लक्षात येते.

यानंतर शोमरोन्याकडे यावे. यहुदी आणि शोमरोनी यांचे पिढ्यान्पिढ्यांचे वैर होते. उपासनेची खरी जागा यरुशलेम की गरिज्जीम डोंगर, हा त्यांच्यातला मोठा तंटा. येशूच्या श्रोत्यांना या माणसाकडून मदतीची अपेक्षाच नव्हती. 'आपल्याकडे हा शोमरोनी कोण?' हा प्रश्न इथे आपसूक येतो आणि इथेच शिक्षकाचे कसब लागते. गावात जातींची आणि धर्मांची वस्ती ठरलेली असते आणि मुलांना ती तोंडपाठ असते. कोणत्याही समाजाचे नाव घेऊन 'ते लोक' असे बोलणे सुरू झाले की दाखल्याचा अर्थच उलटतो. त्यापेक्षा प्रत्येकाने स्वतःबद्दल बोलावे: कोणाकडून मदत घ्यायला मला जड जाईल, आणि का? उत्तर मोठ्याने सांगण्याची सक्ती नसावी.

मुलांचे सगळे प्रश्न असे वाचनातून येत नाहीत. वाशीम जिल्ह्यातील शेती बहुतांश कोरडवाहू, सोयाबीन आणि तुरीची. मृग लांबला, दुबार पेरणीची वेळ आली की मुलाचा प्रश्न ठरलेला: 'आमी एवढी प्रार्थना केली, तरी पाऊस कायले नाही आला?' याहून अवघड प्रश्नही येतो. शेतकरी आत्महत्यांमुळे केंद्र सरकारने 2006 मध्ये विदर्भातील ज्या सहा जिल्ह्यांसाठी विशेष पॅकेज जाहीर केले त्यांत वाशीम होता. ज्याने जीव दिला तो देवाकडे गेला की नाही, असे एखादे मूल विचारते, तेव्हा त्याच्या शेजारी बसलेल्या मुलाच्या घरात तसे घडलेले असू शकते.

अशा वेळी घाईचे उत्तर सर्वांत घातक. ईयोबाचे पुस्तक शिक्षकाने निदान स्वतःसाठी तरी पुन्हा वाचावे. ईयोबावर संकट कोसळल्यावर त्याचे मित्र येतात आणि सात दिवस, सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर न बोलता बसतात. तोवर ते चांगले मित्र असतात. मग ते तोंड उघडतात आणि तुझे काहीतरी पाप असणार, असे त्याला समजावू लागतात. ईयोब मात्र देवालाच जाब विचारतो, तोही कडक शब्दांत. शेवटी देवाचा राग होतो तो मित्रांवर; ईयोबासारखे योग्य तुम्ही बोलला नाहीत, असे तो त्यांना सुनावतो. योहानाच्या शुभवर्तमानात जन्मांध माणसाला पाहून शिष्य विचारतात, पाप कोणाचे, याचे की याच्या आईबापाचे? येशू दोन्ही पर्याय नाकारतो. प्रश्न प्रामाणिक असूनही त्याची मांडणी चुकीची असू शकते, हे मुलांना शिकवण्यासाठी यापेक्षा स्पष्ट उतारा नाही. पाऊस न पडण्याचा दोष कमी पडलेल्या प्रार्थनेवर टाकणारे उत्तर आणि आत्महत्येवर निकाल देणारे उत्तर, दोन्ही ईयोबाच्या मित्रांच्या पंगतीत बसतात. 'हे मला ठाऊक नाही' असे शिक्षकाने म्हटले तर मुलांचा विश्वास उडेल अशी भीती अनेकांना वाटते. उडतो तो उसन्या खात्रीने. दुःखातल्या घराचा विषय गटापुढे न वाढवता त्या मुलाला वर्गानंतर वेगळे भेटावे. आणि मुलाच्या बोलण्यातून मारहाणीचा किंवा अत्याचाराचा संशय आला, तर गुप्ततेचा कोणताही शब्द न देता कायद्याप्रमाणे पुढची पावले उचलावीत.

गटचर्चेची बाकीची व्यवस्था साधी आहे. सहा ते आठ मुले, गोल बैठक, शिक्षकही त्याच सतरंजीवर. बोलणाऱ्याच्या हातात खडू किंवा एखादी लहान वस्तू द्यावी. ती ज्याच्या हातात त्यानेच बोलायचे. प्रश्न विचारल्यावर थांबावे. अमेरिकन संशोधक मेरी बड रो यांनी 1970 च्या आसपास वर्गांचे ध्वनिमुद्रण तपासले तेव्हा शिक्षक प्रश्नानंतर सरासरी जेमतेम एक सेकंद थांबतात असे दिसले; थांबणे तीन सेकंदांवर नेले की उत्तरे लांबली, अधिक मुले बोलू लागली आणि मुले स्वतः प्रश्न विचारू लागली. तीन सेकंद ऐकायला क्षुल्लक वाटतात. वर्गात ते फार लांब वाटतात, आणि उतावळ्या शिक्षकाला ते पाळायला जमत नाहीत.

आदर म्हणजे गप्प बसणे नव्हे, हेही मुलांना दाखवून द्यावे लागते. आपले मत मांडण्याआधी समोरच्याचे म्हणणे स्वतःच्या शब्दांत सांगायचे आणि 'असंच म्हणायचं होतं ना?' असे त्यालाच विचारायचे, ही एक रीत महिनाभर पाळली तरी वर्गाचा सूर बदलतो. ऐकण्याआधी उत्तर देणे मूर्खपणाचे, असे नीतिसूत्रे बजावतात; ऐकायला तत्पर आणि बोलायला सावकाश असावे, असे याकोबाचे पत्र सांगते. शिक्षणशास्त्रात हीच वाट अमेरिकेतील मॅथ्यू लिपमन यांनी 1970 च्या दशकात 'मुलांसाठी तत्त्वज्ञान' या उपक्रमातून आखली: गोष्ट वाचावी, मुलांनीच प्रश्न काढावेत, त्यांतला एक निवडावा आणि कारणे देत-घेत पुढे जावे. लिपमन यांचा उपक्रम धार्मिक नव्हता, तरी शब्बाथशाळेला त्यातली शिस्त उपयोगी पडते. फरक एकच. इथे चर्चेत शास्त्रवचनाला अधिकार आहे, म्हणून 'प्रत्येकाचे मत सारखेच बरोबर' असा शेवट करता येत नाही. बिरुयाचे लोक पौलाने सांगितलेले खरे आहे की नाही हे रोज शास्त्रात शोधून पाहत, म्हणून प्रेषितांच्या कृत्यांत त्यांची वाखाणणी आहे. प्रेषिताचाही शब्द तपासायचा, पण शास्त्र उघडून.

वयाप्रमाणे अपेक्षा बदलाव्या लागतात. सहा-सात वर्षांचे मूल 'का' विचारते आणि उत्तराची वाट न पाहता पुढे जाते. त्याला गोष्ट हवी, चिकित्सा नको. दहा-अकराव्या वर्षी न्याय-अन्याय डाचू लागतो, आणि द्राक्षमळ्यात शेवटच्या तासाला आलेल्या मजुरालाही पूर्ण मजुरी देणाऱ्या धन्याचा दाखला या वयाला फार चिडवतो. त्यांना चिडू द्यावे. मजुरीचा हिशेब वाशीमच्या मुलाला चांगला कळतो. तेरा-चौदाच्या पुढे विज्ञान आणि उत्पत्ती, इतर धर्म, आईवडिलांचा विश्वास आणि स्वतःचा विश्वास हे प्रश्न येतात. या वयाच्या मुलांना सोप्या मराठीतला मजकूर हाती देणे महत्त्वाचे. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या 'सुबोध बायबल'सारख्या पुस्तकाची मदत इथे होते.

इतर धर्मांबद्दलच्या प्रश्नांत शिक्षकाला दोन मर्यादा पाळाव्या लागतात. पहिली कायद्याची: संविधानाच्या अनुच्छेद 28 नुसार शासनमान्य किंवा अनुदानित शाळेत विद्यार्थ्याला, तो अज्ञान असेल तर पालकांच्या संमतीशिवाय, धार्मिक शिक्षणाला किंवा उपासनेला हजर राहण्याची सक्ती करता येत नाही. म्हणून शब्बाथशाळा आणि शाळा यांची सीमा मिशनच्या संस्थांनी स्पष्ट ठेवावी लागते. त्याच संविधानात, 1976 मध्ये जोडलेल्या अनुच्छेद 51-क मध्ये, जिज्ञासेचा विकास करणे हे नागरिकाचे मूलभूत कर्तव्य म्हटले आहे. ही जिज्ञासा शाळेत आणि शब्बाथशाळेत, दोन्हीकडे मोकळी आहे. दुसरी मर्यादा शिष्टाचाराची. पेत्राच्या पहिल्या पत्रात आपल्या आशेचे कारण विचारणाऱ्याला उत्तर द्यायला तयार राहा, पण ते सौम्यतेने आणि आदराने द्या, असे सांगितले आहे. शाळेत मैत्रिणीने 'तुमी पोळ्याले बैलाची पूजा कायले नाही करत?' असे विचारले, तर मुलीला आपल्या घरची रीत सांगता आली पाहिजे, मैत्रिणीच्या घरची रीत तिच्याकडूनच ऐकून घेता आली पाहिजे, आणि दोन्ही घरी बैलांना त्या दिवशी विश्रांती असते हेही लक्षात आले पाहिजे. दुसऱ्याच्या धर्माबद्दल त्या धर्माच्या माणसालाच विचारावे, ही सवय रविवारच्या वर्गात लागते, कारण तिथे एका मुलाचे म्हणणे दुसरे मूल परस्पर सांगू लागले की त्याला थांबवले जाते.

वर्ग पुढे सरकतो आहे की नाही हे गुणांवरून ठरवता येत नाही. शिक्षकाने एक वही ठेवावी आणि दर रविवारी मुलांनी विचारलेले प्रश्न त्यांच्याच शब्दांत टिपावेत. कोणी विचारला, कोणाच्या बोलण्यावरून सुचला, उत्तर मिळाले की पुढच्या रविवारवर गेला. सहा महिन्यांनी वही चाळली की कळते: प्रश्न शिक्षकाकडेच वळलेले आहेत की मुले एकमेकांना विचारू लागली आहेत, मुली किती वेळा बोलल्या, दोनच मुलांची नावे पुन्हा पुन्हा येतात का, आणि मागच्या पानावर राहिलेल्या प्रश्नाकडे कोणी परत आले का.